डॉक केलेले यान बर्न सुरू होताच डुलू लागते : करबल स्पेस प्रोग्राममध्ये सांधे ताठ कसे ठेवावेत?

जूलयात्री (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

करबल स्पेस प्रोग्राम या रॉकेट बांधून उडवण्याच्या संगणकीय खेळाच्या १.१२ या आवृत्तीत, कोणतेही मॉड (इतरांनी बनवलेली जोड) न वापरता, खेळातल्या जूल ग्रहाच्या मोहिमेसाठी मी एक मोठे यान कर्बिन या खेळातल्या मूळ ग्रहाभोवती १२० किलोमीटर उंचीच्या कक्षेत जोडले आहे. एवढे वजन एकाच प्रक्षेपणात वर नेणारे रॉकेट माझ्याकडे नसल्यामुळे यानाचे चार भाग वेगवेगळे पाठवले आणि कक्षेत डॉकिंग पोर्टने, म्हणजे याने अंतराळात एकमेकांना जोडण्याच्या तोंडांनी, एकामागे एक जोडले. शेपटीकडून नाकाकडे रचना अशी आहे : सर्वात मागे यानाला ढकलणारा टग, म्हणजे एक पूडल इंजिन, भरलेली जंबो-६४ इंधनटाकी, मोठे रिॲक्शन व्हील (यानाला वळवणारे फिरते चाक) आणि आरसी-एल०१ हे मानवरहित नियंत्रण एकक, त्यापुढे दोन्ही टोकांना पोर्ट असलेली दुसरी भरलेली जंबो-६४, त्यापुढे निवासी भाग, ज्यात हिचहायकर (राहण्याची खोली), प्रयोगशाळा आणि एमके१-३ कॅप्सूल आहे, आणि कॅप्सूलच्या टोकावर सुमारे १२ टनांचा लँडर. एकूण वजन ९७ टनांच्या आसपास भरते. पोर्टच्या तिन्ही जोड्या नेहमीच्या १.२५ मीटर आकाराच्या क्लॅम्प-ओ-ट्रॉन आहेत.

कक्षेत नुसते फिरताना यान शांत असते. जूलच्या दिशेने बर्न सुरू केला, म्हणजे इंजिन पेटवले, की पहिली काही सेकंदे ते सरळ जाते, मग पुढचे टोक हळूहळू डावीउजवीकडे डुलू लागते आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. यानाची दिशा आपोआप राखणारी एसएएस ही यंत्रणा चालू आहे. वेळीच थ्रॉटल (इंजिनाचा जोर) शून्यावर आणले नाही तर टग आणि दुसरी टाकी यांच्यामधला सांधा तुटतो.

प्रत्येक भागाला प्रक्षेपणापूर्वी आतून भरपूर स्ट्रट (आधाराचे दांडे) लावलेले होते. डॉकिंगनंतर मात्र दोन भागांच्या मध्ये स्ट्रट लावता येत नाहीत. सगळ्या भागांवर ऑटोस्ट्रट, म्हणजे खेळाने आपोआप लावलेला अदृश्य स्ट्रट, लावून टाकावा का? की १.२५ मीटरचे पोर्ट काढून मोठे लावण्यासाठी सगळे पुन्हा प्रक्षेपित करावे लागेल? शक्य असेल तर आहे त्याच यानातून मार्ग काढायचा आहे.

---

पोर्टमास्तर

आपण रचना आणि लक्षणे दोन्ही नीट लिहिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. बहुतेक धाग्यांत केवळ 'रॉकेट हलते, उपाय सांगा' एवढेच असते.

स्ट्रटचा विचार काही वेळ बाजूला ठेवा. या खेळात यानाचा प्रत्येक भाग स्वतः संपूर्ण कडक असतो. जे काही वाकते ते दोन भागांमधल्या सांध्यात वाकते आणि तो सांधा स्प्रिंगसारखा गणला जातो. सांध्याचा कणखरपणा जोडबिंदूच्या आकारावर अवलंबून असतो. आपल्या दोन्ही टाक्या २.५ मीटर व्यासाच्या असल्या तरी त्यांच्यामधला पोर्ट १.२५ मीटरचा आहे, त्यामुळे त्या जागी यानाची कंबर बारीक झाली आहे. त्यात आणखी एक अडचण आहे. एका पोर्टचे वजन ०.०५ टन आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ३६ टनांच्या टाक्या आहेत. दोन जडशीळ वस्तूंच्या मध्ये अगदी हलकी वस्तू अडकली की खेळाचे भौतिकी इंजिन तो सांधा हवा तेवढा घट्ट धरू शकत नाही. वजनांमधली ही तफावत जितकी मोठी, तितका सांधा रबरासारखा वागतो. २.५ मीटरचा क्लॅम्प-ओ-ट्रॉन सीनियर ०.२ टनांचा आहे, म्हणजे तो चौपट जड आहे आणि त्याचा जोडबिंदूही मोठा आहे. टाकीला टाकी जोडायची असेल तेव्हा तोच वापरावा. १.२५ मीटरचा पोर्ट लँडरसारख्या हलक्या यानासाठी पुरेसा आहे, आणि एमके१-३ च्या टोकाचा व्यासही तेवढाच असल्यामुळे तिथे तो शोभतोही.

आता तुटणारा सांधा नेमका तोच का, ते पाहू. पूडलचा थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचा जोर, निर्वातात २५० किलोन्यूटन आहे. एखाद्या सांध्यातून जाणारा दाब हा त्या सांध्याच्या पुढे असलेल्या वजनाच्या प्रमाणात असतो. टगच्या पुढे ९७ पैकी सुमारे ५८ टन आहेत, म्हणून त्या सांध्यावर १५० किलोन्यूटनच्या आसपास दाब येतो. निवासी भागाच्या मागच्या सांध्यावर तो ५७ च्या आसपास आहे आणि लँडरच्या सांध्यावर जेमतेम ३१. सारखेच तीन पोर्ट असतील तर आधी कोणता हार मानेल, हे यावरून उघड आहे.

यातून एक फुकटचा उपाय निघतो. टगची टाकी राखून ठेवा आणि मधल्या टाकीतले इंधन आधी जाळा. त्यासाठी पोर्टचा क्रॉसफीड (पोर्टमधून इंधन पलीकडे जाऊ देण्याची सोय) चालू आहे ना ते पाहा आणि मधल्या टाकीचा इंधन-प्राधान्यक्रम वर आणा. किंवा बर्नच्या टप्प्यांमध्ये ऑल्ट आणि माउसच्या उजव्या बटणाने दोन्ही टाक्यांचे मेनू उघडून इंधन हाताने मागे घ्या. मधली टाकी रिकामी झाल्यावर यान सुमारे ६५ टनांचे राहते, टगच्या पुढे २६ टन उरतात आणि त्या सांध्यावरचा दाब १०० किलोन्यूटनपर्यंत उतरतो. याउलट टगची टाकी आधी रिकामी झाली, तर ६५ पैकी ५८ टन पुढे राहतील आणि दाब २२० च्या वर जाईल. पुष्कळ खेळाडूंची याने इथेच फसगत केलेली असते, कारण बर्नच्या सुरुवातीला सगळे ठीक वाटते आणि शेवटी शेवटी सांधा तुटतो.

तरीही हेलकावे वाढत जाण्याचे कारण केवळ कमकुवत सांधा असेल असे मला वाटत नाही. एक छोटी चाचणी करून पाहा : एसएएस पूर्ण बंद करा, थ्रॉटल पाव भागावर ठेवा आणि काही वेळ कशालाही हात लावू नका. डुलणे आपोआप विरले, तर दोष नियंत्रणाचा. यान एकाच बाजूला संथपणे वळत गेले, तर गुरुत्वमध्य थ्रस्टच्या रेषेवर नाही. आणि एसएएस नसतानाही सांधा दुमडत असेल, तरच तो खरोखर दुबळा म्हणायचा. निकाल इथे लिहा. शिवाय आपण यान कोणत्या भागातून नियंत्रित करत आहात तेही सांगा.

---

प्रतिपुष्टी

मी नियंत्रण अभियांत्रिकीत काम करतो, त्यामुळे पोर्टमास्तरांचा शेवटचा प्रश्न वाचून बरे वाटले. माझ्या मते या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

एसएएस काय करते, तर नियंत्रण ज्या भागाकडे असेल त्या भागाची दिशा पाहते आणि ती हव्या त्या दिशेपासून ढळली की रिॲक्शन व्हील आणि इंजिनाचे गिम्बल (इंजिनाचे तोंड कलते करणारी यंत्रणा) यांना उलट दिशेने जोर लावायला सांगते. यान कडक असेल तर हे उत्तम चालते. आपल्या यानात मात्र, मी अंदाज करतो, नियंत्रण पुढच्या एमके१-३ कॅप्सूलकडे आहे आणि जोर लावणारे गिम्बल अगदी शेपटीला आहे. या दोघांच्या मध्ये दोन लवचिक सांधे आहेत. नाक डावीकडे झुकले म्हणून एसएएसने शेपटीला जोर लावला, की तो जोर सांधे वाकवत नाकापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तोपर्यंत नाक स्वतःच्या लयीत परतू लागलेले असते आणि उशिरा पोहोचलेला जोर त्याला रोखण्याऐवजी त्याच दिशेने आणखी ढकलतो. प्रत्येक हेलकाव्यात थोडी ऊर्जा अशी आत जात राहते. संवेदक एका टोकाला आणि कार्यकारी यंत्रणा दुसऱ्या टोकाला, ही लवचिक वस्तूंच्या नियंत्रणातली सर्वात त्रासदायक मांडणी आहे. दोन्ही एकाच ठिकाणी असतील तर बहुतेक त्रास उद्भवतच नाही.

म्हणून टगवरील आरसी-एल०१ च्या मेनूत जाऊन 'कंट्रोल फ्रॉम हिअर' निवडा. त्यानंतर एसएएस शेपटीची दिशा पाहील आणि शेपटीलाच वळवील. पुढचा भाग थोडा डुलला तरी तिकडे लक्ष दिले जाणार नाही, आणि कोणी लक्ष दिले नाही की तो सांध्यातल्या घर्षणानेच शांत होतो.

दुसरे काम म्हणजे जोर कमी करणे. मोठ्या रिॲक्शन व्हीलचा टॉर्क ३० किलोन्यूटन-मीटर आहे आणि एमके१-३ चा १५. एकाच यानाला दोन टोकांकडून दोन वेगवेगळे पैलवान पिळत आहेत असा हा प्रकार आहे. कॅप्सूलचा टॉर्क बर्नच्या काळापुरता बंद ठेवा. मोठ्या व्हीलचा 'व्हील ऑथॉरिटी' हा सरकपट्टा २० ते ३० टक्क्यांवर आणा. पूडलचे गिम्बल ४.५ अंशांपर्यंत फिरते, पण एवढे लांब यान सरळ ठेवायला त्याचा पाचवा हिस्साही पुरतो, त्यामुळे गिम्बलची मर्यादाही तशीच कमी करा. वळायला वेळ लागेल, पण बर्नच्या आधी एकदा योग्य दिशेला तोंड केले की नंतर वळायचेच नाही.

हा त्रास काही केवळ खेळापुरता नाही. अपोलो मोहिमांत कमांड-सर्व्हिस मॉड्यूल आणि चंद्रावर उतरणारे लुनार मॉड्यूल १२ खटक्यांच्या कड्याने एकमेकांना जोडलेले असत आणि ते जोडलेले असताना मुख्य इंजिन चालवावे लागे. सांध्यातल्या वाकण्याची लय ऑटोपायलटने ओळखून तिला खतपाणी घालू नये, म्हणून त्यात मुद्दाम गाळणी बसवली होती. अपोलो ९ मध्ये, मार्च १९६९ ला, पृथ्वीच्या कक्षेत जोडलेल्या अवस्थेत इंजिन पेटवून ते जाणूनबुजून मागेपुढे हलवले आणि यान किती डुलते व ऑटोपायलट ते किती लवकर आवरतो, हे तपासले गेले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर १४ जानेवारी २००९ रोजी कक्षा उंचावण्यासाठी झ्वेझ्दा मॉड्यूलची इंजिने चालवली, तेव्हा नियंत्रणाच्या चुकीच्या मूल्यांमुळे इंजिनांचे डोलणे आणि स्थानकाची नैसर्गिक लय जुळून आली आणि दोन मिनिटांहून अधिक काळ सगळे स्थानक झुलत राहिले. तिथे सांधे उत्तम होते. दोष नियंत्रणाच्या चक्रात होता.

---

सरळमार्गी

एवढा खटाटोप कशासाठी? 'करबल जॉइंट रीइन्फोर्समेंट' या मॉडची 'नेक्स्ट' ही आवृत्ती टाका, सगळे सांधे आपोआप कडक होतील आणि आपण जूलला पोहोचलेले असाल. खेळ मनोरंजनासाठी आहे आणि त्याच्या भौतिकी इंजिनातल्या उणिवा खेळाडूने रचनेने भरून काढाव्यात, हा आग्रह मला कधीच पटलेला नाही. खऱ्या रॉकेटचे सांधे असे शेवयांसारखे लोंबत नसतात.

---

जूलयात्री (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. सरळमार्गी, आपले म्हणणे समजते, पण ही मोहीम मॉडविरहित ठेवण्याचे आम्हा काही मित्रांमध्ये ठरले आहे, त्यामुळे तो मार्ग बंद आहे.

चाचणी केली. नियंत्रण कॅप्सूलकडेच होते, प्रतिपुष्टी यांचा अंदाज बरोबर ठरला. एसएएस बंद करून पाव थ्रॉटलवर पाहिले तर हेलकावे विरून गेले, मात्र यान अगदी संथपणे एका बाजूला वळत गेले. नंतर नियंत्रण आरसी-एल०१ कडे दिले, कॅप्सूलचा टॉर्क बंद केला, व्हील आणि गिम्बल दोन्ही २० टक्क्यांवर आणले आणि एसएएस चालू केले. अर्ध्या थ्रॉटलपर्यंत आता यान शांत राहते. पूर्ण थ्रॉटलला डुलणे नाही, पण टगचा सांधा एका बाजूला दुमडल्यासारखा वाकतो आणि तसाच राहतो. पुढे न्यायचे धाडस झाले नाही. आता ऑटोस्ट्रट लावायचा असेल तर तीन पर्यायांपैकी कोणता निवडावा?

---

पोर्टमास्तर

म्हणजे दोन वेगवेगळ्या व्याधी होत्या आणि त्यातली मोठी आता गेली.

यान एका बाजूला वळते याचे कारण बहुधा लँडर आहे. त्याच्यावरची शिडी, उपकरणे किंवा सौरपट्ट्या एकाच बाजूला असतील तर १२ टनांचे ते वजन रेषेतून थोडे सरकते. लँडरच्या टाक्या जोडीने असतील तर त्यातले इंधन एकीकडून दुसरीकडे हलवून ते बरेचसे भरून काढता येते.

ऑटोस्ट्रट ही सोय १.२ आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०१६ पासून आहे आणि सेटिंगमध्ये 'ॲडव्हान्स्ड ट्वीकेबल्स' चालू केल्याशिवाय ती दिसत नाही. तिचे मोठे वैशिष्ट्य असे की ती डॉकिंग पोर्ट ओलांडून पलीकडे जाऊ शकते, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. सगळ्या भागांवर मात्र लावू नका. भागांची संख्या वाढली की अदृश्य सांध्यांचे जाळे तयार होते, ते एकमेकांना ताणू लागते आणि अंतराळात मोकळे तरंगणारे यान स्वतःहून वळू लागल्याचे चमत्कारही दिसतात.

'हेवियेस्ट पार्ट' हा पर्याय सर्वात लोकप्रिय आहे आणि आपल्या यानासाठी सर्वात कमी भरवशाचा. आपल्याकडे सारख्या वजनाच्या दोन टाक्या आहेत आणि इंधन जळत जाईल तसा 'सर्वात जड' हा मान एकीकडून दुसरीकडे जाईल. 'रूट पार्ट', म्हणजे ज्या भागापासून यानाची बांधणी सुरू झाली तो भाग, स्थिर असतो, पण डॉकिंगनंतर रूट कोणत्या यानाचा राहिला आहे हे आधी पाहावे लागते. 'ग्रँडपॅरेंट' म्हणजे भागांच्या साखळीत दोन पायऱ्या मागचा भाग. त्याची पोच कमी आहे, पण तो कधीही अचानक बदलत नाही.

रूट टगमध्ये असेल, तर मधल्या जंबो टाकीवर 'रूट पार्ट' लावा. तो अदृश्य स्ट्रट दोन्ही हलक्या पोर्टना ओलांडून सरळ टगमध्ये जाईल आणि मघाशी सांगितलेल्या वजनांच्या तफावतीचा प्रश्नच बाजूला पडेल. निवासी भागात प्रयोगशाळेवर तोच पर्याय, बाकी कुठेही काही नाही. ऑल्ट-एफ१२ दाबून उघडणाऱ्या खिडकीत भौतिकीच्या विभागात ऑटोस्ट्रट दाखवण्याची सोय आहे. ती चालू करून रेषा खरोखर कुठून कुठे जातात ते पाहा, अंदाजावर राहू नका. लँडरचे पायही तपासा, कारण पाय आणि चाके यांना खेळ न विचारता सर्वात जड भागाशी ऑटोस्ट्रट करतो आणि डॉक केल्यावर तो जड भाग म्हणजे आपली टाकी असते.

'रिजिड अटॅचमेंट' नावाचा आणखी एक पर्याय त्याच मेनूत दिसेल. त्याने सांधा कडक होतो पण ठिसूळही होतो. मी तो वापरत नाही.

१.१२ मध्ये पोर्ट फिरवण्याची सोय आली आहे. आपल्या सगळ्या पोर्टचे फिरणे कुलूपबंद आहे याची खात्री करून घ्या.

---

पुढेइंजिन

पोर्टमास्तरांचे सगळे उपाय योग्य आहेत, पण मूळ रचनेबद्दल कोणीच बोलले नाही. एवढी लांब आणि सांध्यांची यानरचना मागून ढकलूच नये, पुढून ओढावी. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या रस्त्याने सरळ ओळीत येतात, पण चालकाने ट्रॅक्टर मागे घ्यायचा प्रयत्न केला की त्या लगेच कात्रीसारख्या दुमडतात. सांधा तोच, वजन तेच. ओढताना सांधा ताणला जातो आणि ताण त्याला सरळ करतो, तर ढकलताना दाब त्याला वाकण्याचे निमित्त देतो. पूर्ण थ्रॉटलला आपला सांधा एका बाजूला वाकून तसाच राहतो, तो दाबामुळेच.

ओढणारा टग बनवताना इंजिने मधल्या रेषेवर ठेवता येत नाहीत, कारण ज्वाळेचा झोत मागच्या यानावर आदळला की या खेळात थ्रस्ट जवळजवळ निष्फळ होतो. दोन किंवा चार इंजिने आडव्या बाहूंवर दूर बसवावीत आणि किंचित बाहेरच्या बाजूला कलती करावीत. १० अंशांचा कल दिला तर थ्रस्टचा जेमतेम दीड टक्का वाया जातो. २० अंश दिले तर ६ टक्के जातो, म्हणून तेवढे करू नये. यासाठी नर्व्ह हे अणुइंजिन मला सर्वात आवडते. त्याची स्पेसिफिक इम्पल्स, म्हणजे इंधनाच्या काटकसरीचे माप, ८०० सेकंद आहे, पूडलची ३५०. शिवाय त्याला गिम्बलच नाही, त्यामुळे प्रतिपुष्टी यांनी सांगितलेले अर्धे दुखणे जन्मालाच येत नाही. ते फक्त द्रव इंधनावर चालते, तेव्हा जंबो टाकीतला ऑक्सिडायझर प्रक्षेपणापूर्वी काढून ठेवावा लागेल आणि त्या टाकीचा मोठा हिस्सा रिकामाच वर जाईल, हा त्यातला तोटा.

---

प्रतिपुष्टी

पुढेइंजिन यांच्या मताला एक पुरवणी जोडतो, नाहीतर वाचणाऱ्यांचा गैरसमज होईल. पुढून ओढल्यामुळे यान हव्या त्या दिशेला आपोआप रोखलेले राहते, असे मुळीच नाही. रॉबर्ट गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न येथे उडवलेल्या पहिल्या द्रवइंधन रॉकेटात इंजिन वरच्या टोकाला होते. इंजिन वर असेल तर रॉकेट लंबकासारखे सरळ लटकत राहील, ही त्यामागची समजूत होती. पण थ्रस्टची दिशा रॉकेटशी बांधलेली असते, रॉकेट कलले की थ्रस्टही कलतो, आणि सरळ करणारा जोर कुठूनच येत नाही. गोडार्ड यांनी पुढे इंजिन खाली नेले. म्हणजे ओढण्याचा फायदा फक्त सांधे ताठ राहण्यापुरता आहे. दिशा राखण्यासाठी एसएएस तेवढेच लागते आणि नियंत्रणाचा भाग इंजिनांजवळच हवा, हा नियम तिथेही कायम राहतो.

---

पोर्टमास्तर

ओढणाऱ्या टगशी माझे वैर नाही, पण तो बनवायला नवीन प्रक्षेपण लागते आणि ते करायचेच असेल तर मी आधी एक सांधा कमी करीन. कर्बोडाइनची एस३-१४४०० ही ३.७५ मीटरची टाकी भरलेली ८१ टनांची आणि रिकामी ९ टनांची असते, म्हणजे तिच्यात ७२ टन इंधन मावते. दोन जंबो टाक्यांत मिळून ६४ टन मावते आणि त्यांचे रिकामे वजन ८ टन होते. एकाच टाकीत दोघींचे काम होत असेल तर मधला पोर्ट हवाच कशाला? ८१ टन वर नेणे अवघड वाटत असेल, तर तीच टाकी प्रक्षेपणाच्या शेवटच्या टप्प्याची टाकी म्हणून वापरावी, कक्षेत पोहोचताना ती जवळपास रिकामी झाली तरी चालेल आणि नंतर इंधन दुसऱ्या फेऱ्यांनी आणून भरावे. इंधन नेणाऱ्या यानाचा पोर्ट कितीही लहान असला तरी बिघडत नाही, कारण बर्नच्या वेळी ते जोडलेले नसते.

मोठ्या यानांच्या धाग्यांत मला नेहमी हेच दिसते की लोक सांधे भक्कम करण्यावर भरपूर वेळ घालवतात आणि सांधा मुळात लागतो का हे विचारत नाहीत.

ज्यांना दोन मोठे भाग जोडणे टाळताच येत नाही त्यांच्यासाठी आणखी एक पद्धत आहे. दोन्ही बाजूंना तीन तोंडांचा ॲडॉप्टर लावून त्रिकोणात तीन पोर्ट बसवायचे आणि तिन्ही जोड्या एकाच वेळी जुळवायच्या. खेळ यानाला झाडाच्या फांद्यांप्रमाणे एकातून एक निघालेले मानतो, त्यामुळे पहिली जोडी झाडाचा भाग होते. उरलेल्या दोन जोड्या 'त्याच यानाशी जोडलेल्या' म्हणून धरल्या जातात, तरी त्या खरा सांधा तयार करतात. यान एका बाजूला वाकू लागले की एक पोर्ट ताणला जातो, समोरचे दाबले जातात आणि वाकण्याला चांगला विरोध होतो. दोन्ही ॲडॉप्टर तंतोतंत सारखे हवेत, अंशाचाही फरक असला तर एकच जोडी पकडते आणि बाकीच्या नुसत्या टेकून राहतात. आणि सुटे करताना तिन्ही जोड्या एकेक करून सोडवाव्या लागतात हे विसरले, तर यान का सुटत नाही म्हणून डोके धरून बसण्याची वेळ येते.

---

जूलयात्री (धागाकर्ता)

रूट टगमध्येच होता. मधल्या टाकीवर आणि प्रयोगशाळेवर 'रूट पार्ट' ऑटोस्ट्रट लावला, आधी मधल्या टाकीतले इंधन जळेल अशी व्यवस्था केली आणि लँडरमधले इंधन थोडे एका बाजूला हलवले. आता पाऊण थ्रॉटलपर्यंत सांधा नजरेला दिसेल इतका वाकत नाही. पूर्ण थ्रॉटल लावायची मला गरज वाटत नाही, पण पाऊण थ्रॉटलला बर्न बराच लांबतो आणि तेवढ्या वेळात कर्बिनभोवतीचा मोठा कोन कापला जातो, त्यामुळे मॅन्युव्हर नोडच्या, म्हणजे आखून ठेवलेल्या बर्नच्या, दिशेपासून यान ढळते. यावर काय करावे?

---

पोर्टमास्तर

पूर्ण थ्रॉटललाही आपल्याला वेग सुमारे २,००० मीटर प्रति सेकंदाने वाढवण्यासाठी जवळपास दहा मिनिटे लागली असती, म्हणजे पाऊण थ्रॉटलला तेरा मिनिटे धरा. १२० किलोमीटरवरची एक प्रदक्षिणा सुमारे ३४ मिनिटांची असते. एवढ्या लांब बर्नचे तुकडे केलेलेच बरे.

कर्बिनच्या पकडीतून सुटण्यासाठी त्या कक्षेतून सुमारे ९०० मीटर प्रति सेकंद लागतात. तेवढा भाग दोन-तीन प्रदक्षिणांमध्ये वाटता येतो : प्रत्येक वेळी कक्षेच्या सर्वात खालच्या बिंदूजवळ थोडा बर्न करायचा, कक्षा लांबट होऊ द्यायची आणि पुन्हा खाली आल्यावर पुढचा बर्न करायचा. सुटण्याच्या वेगाच्या थोडे अलीकडे थांबा, आणि उरलेला सुमारे १,१०० चा बर्न एकाच दमात करा. तोपर्यंत इंधन जळल्यामुळे यान हलके झालेले असेल, त्यामुळे तो लवकर संपेल. कक्षा लांबवताना तिचे वरचे टोक मन या कर्बिनच्या चंद्राच्या कक्षेपर्यंत, म्हणजे १२,००० किलोमीटरच्या आसपास पोहोचते. मन त्या वेळी तिथे नसेल याची आधी खात्री करा, नाहीतर जूलऐवजी भलतीकडेच जाल. लांबट कक्षेतल्या प्रत्येक प्रदक्षिणेला वेळ लागतो, म्हणून पहिला बर्न जूलच्या खिडकीच्या, म्हणजे तिकडे निघण्याच्या योग्य वेळेच्या, काही दिवस आधी करावा आणि कक्षेचा खालचा बिंदू शेवटच्या बर्नच्या जागीच येईल असे पाहावे.

थ्रॉटल एकदम वाढवू नका आणि एकदम शून्यावरही आणू नका. झेड आणि एक्स या कळांना हात न लावता शिफ्ट आणि कंट्रोलने हळूहळू चढवा-उतरवा, कारण दाबलेला सांधा अचानक मोकळा झाला की तो उसळतो. दोन बर्नच्या मध्ये यान डुलत राहिले तर थ्रॉटल शून्य असताना टाइम वॉर्प (खेळातला वेळ वेगाने पुढे नेण्याची सोय) एक पायरी वाढवून लगेच परत आणा. त्या अवस्थेत खेळ सांध्यांचे गणित थांबवतो आणि हेलकावे तिथेच संपतात. मात्र ऑल्ट धरून केलेला भौतिक वॉर्प बर्नच्या वेळी चुकूनही वापरू नका. त्यात गणिताच्या पायऱ्या मोठ्या होतात आणि आत्तापर्यंत शांत असलेला सांधाही नाचू लागतो.

जूलपाशी पोहोचल्यावर लँडर वेगळा करून परत जोडाल, तेव्हा ऑल्ट-एफ१२ मधल्या रेषा पुन्हा एकदा पाहा. प्रत्येक डॉकिंगनंतर खेळ ऑटोस्ट्रट नव्याने ठरवतो, आणि तोपर्यंत दोन्ही टाक्यांमध्ये इंधन बरेच कमी उरलेले असल्यामुळे लँडरचे पाय भलत्याच भागाला बांधले गेलेले असू शकतात.